मोलकरी की मेंढपाळ?

आजचे वाचन: योहान 10:11-15

आजच्या वाचनात प्रभू येशू मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातला फरक सांगतो. लांडगा आला की कोण पळतो आणि कोण थांबतो, यावरून तो कळतो. हा भाग वाचताना मला जेन हेनिंग आठवतात.

जेन यांचा जन्म 1897 साली स्कॉटलंडमधल्या डनस्कोर गावी, शेतकरी घरात झाला. त्या पाच वर्षांच्या असताना आई वारली. मोठ्या झाल्यावर पेस्ली इथल्या दोऱ्याच्या कंपनीत त्यांनी अनेक वर्षं ऑफिसात नोकरी केली. 1932 मध्ये त्या हंगेरीत बुडापेस्टला गेल्या आणि स्कॉटिश मिशनच्या शाळेत, मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन झाल्या. मुलींमध्ये पुष्कळ यहूदी होत्या. जेन त्यांची भाषा शिकल्या आणि त्यांच्यासाठी आईच झाल्या.

1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या सुट्टीवर इंग्लंडात होत्या. तरी तडक परत गेल्या. 1940 मध्ये चर्चनेच मिशनऱ्यांना मायदेशी बोलावलं. जेन गेल्या नाहीत. त्यांना परतायला घर होतं, पण या मुलींनी कुठे जायचं?

टंचाई वाढली. पहाटे पाचला उठून त्या बाजारात धान्य-भाजी शोधत. मुलींच्या बुटांना तळ हवे होते म्हणून त्यांनी आपली चामड्याची बॅग कापली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. बॅग म्हणजे घरी परतायची सोय, आणि तीच मुलींच्या पायांखाली गेली!

मार्च 1944 मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. एप्रिलमध्ये गेस्टापोचे लोक जेन यांना घेऊन गेले. यहूदी लोकांत काम केलं, मुलींच्या कपड्यांवरचे पिवळे तारे पाहून रडल्या, असे आरोप होते. राजकारणाचा आरोप नाकारून बाकी सगळं त्यांनी कबूल केलं. मे महिन्यात त्यांना आउशवित्झच्या छळछावणीत धाडलं. तिथे त्यांचा नंबर होता 79467. त्याच उन्हाळ्यात, वयाच्या 47व्या वर्षी, त्या तिथेच वारल्या. 1997 मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा सन्मान केला.

पगार तर जेन यांनाही मिळत होता. कागदावर त्या मोलकरीच. निघून गेल्या असत्या तर कुणी नावंही ठेवली नसती, उलट तसा हुकूमच होता. म्हणून मला वाटतं, मेंढपाळ हुद्द्याने ठरत नाही. तो पहाटेच्या बाजारात, बुटांच्या तळात रोज थोडा थोडा घडतो. मग लांडगा येतो त्या दिवशी थांबायचं की नाही हे आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या-माझ्या हाती आज कुणाची लेकरं सोपवलेली आहेत?

प्रार्थना: हे प्रभू, तू सोपवलेल्यांना सोडून न जाण्याचं बळ आम्हाला दे. आमेन.