समजून घ्या : पहिली इंडियन डर्बी जिंकणारे 'कोल्हापूरचे जावई' कोण होते?

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या टोकाला रेसकोर्स नाका आहे. तालमी आणि फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात हे नाव जरा वेगळेच वाटते. देशातील सर्वात मानाची घोड्यांची शर्यत मात्र मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होते. ती म्हणजे इंडियन डर्बी. साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ती धावली जाते. १९४३ मधील पहिली डर्बी जिंकली ती बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या घोडीने. प्रतापसिंहरावांची सासुरवाडी कोल्हापूरची!

डर्बीचे एवढे आकर्षण का?

मूळ डर्बी इंग्लंडमधील एप्सम येथे १७८० पासून होते. तिथे तीन वर्षांचे घोडे धावतात, तर इंडियन डर्बीत चार वर्षांचे. अंतर २४०० मीटर. वय ठरलेले असल्याने कोणत्याही घोड्याला ही शर्यत आयुष्यात एकदाच धावता येते. हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा, अशी सोय नाही. नुसता वेग असून भागत नाही, दमही लागतो. मालक, प्रशिक्षक आणि जॉकी यांची अनेक वर्षांची मेहनत जेमतेम अडीच मिनिटांत पणाला लागते.

प्रतापसिंहराव कोण होते?

त्यांचा जन्म १९०८ चा. त्याच वर्षी वडील युवराज फत्तेसिंहराव यांचे निधन झाले. आजोबा म्हणजे महाराज सयाजीराव तिसरे. मालेगाव तालुक्यातील कवळाण्याच्या साध्या शेतकरी घरातून ते दत्तक गेले आणि बडोद्याच्या गादीवर बसले. राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणारे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे हेच सयाजीराव.

१९२९ मध्ये प्रतापसिंहरावांचा विवाह कोल्हापूर संस्थानातील हसूरच्या घराण्यातील शांतादेवी यांच्याशी झाला. १९३९ मध्ये आजोबांच्या निधनानंतर ते गादीवर आले.

पहिल्या डर्बीत काय झाले?

दुसरे महायुद्ध सुरू असताना ही शर्यत झाली. महाराजांची 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी पहिली आली. तिच्यावर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट होता. याच वर्षी महाराजांनी सीतादेवी यांच्याशी दुसरा विवाह केला. बडोद्यात द्विभार्या प्रतिबंधक कायदा असल्याने त्यावरून वादळ उठले.

घोड्याचे नाव 'सयाजीराव' कसे?

१९४५ मध्ये महाराजांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनींना विकत घेतले. लिलावातील तो त्या वेळचा विक्रम होता. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होते. हे शिंगरू त्याच वर्षीच्या इंग्लिश डर्बीचा विजेता 'दांते' याचे सख्खे भावंड होते. महाराजांनी त्याला आजोबांचे नाव दिले : सयाजीराव.

१९४७ मध्ये हा घोडा इंग्लिश डर्बीत तिसरा आला, पण आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या शर्यती त्याने जिंकल्या. सेंट लेजरमध्येही जॉकी एडगर ब्रिटच होता. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज ही मानाची शर्यत मारली. इंग्लंडच्या मैदानांवर बडोद्याचे नाव गाजत होते.

मग गादी का गेली?

इकडे देश स्वतंत्र झाला होता आणि प्रश्न बदलले होते. राज्याच्या तिजोरीतून महाराजांनी उचललेल्या मोठ्या रकमांचा हिशेब विचारला जाऊ लागला. आजोबांच्या काळात ज्या तिजोरीतून शाळा आणि ग्रंथालये उभी राहिली, त्याच तिजोरीचा हा प्रश्न होता. मे १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले.

मात्र गादी जाण्याचे थेट कारण शर्यती नव्हत्या. विलीनीकरणाला विरोध करत त्यांनी संस्थानिकांची संघटना उभी केली. त्यामुळे १९५१ मध्ये केंद्र सरकारने त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. त्यांच्या जागी शांतादेवींचे पुत्र फत्तेसिंहराव आले. प्रतापसिंहरावांचे १९६८ मध्ये लंडनमध्ये निधन झाले.

मागे काय उरले?

आजोबांचे नाव प्रतापसिंहरावांनी घोड्याबरोबर आणखी एका ठिकाणी दिले. विलीनीकरणाच्या वर्षीच, १९४९ मध्ये, त्यांनी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना केली. सयाजीराव घोड्याची नोंद आज शर्यतींच्या जुन्या निकालांत सापडते. विद्यापीठात मात्र अजूनही दरवर्षी हजारो मुले-मुली प्रवेश घेतात.