अंगणातली शाळा : ताराबाई मोडक

जून महिन्यात शाळा उघडतात आणि प्रथमच घराबाहेर पडलेल्या चिमुकल्यांच्या रडण्याने बालवाडीचे दार गजबजून जाते. अशा मुलाला दटावून गप्प बसवले की शिक्षणाला आरंभ झाला, असे पूर्वी सर्रास मानले जाई. मूल रडते त्याअर्थी शाळेतच काही उणे आहे, असा उलट विचार करणाऱ्यांमध्ये ताराबाई मोडक यांचे स्थान फार वरचे आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात विरोध नव्हता. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह झाला, पण तो टिकला नाही. लहानग्या मुलीची जबाबदारी एकटीवर असताना त्यांनी राजकोट येथील स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. त्या काळी एकट्या स्त्रीने परप्रांतात असे उभे राहणे सोपे नव्हते.

भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. तेथे छडी नव्हती आणि धाकही नव्हता. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीप्रमाणे साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर मांडलेले असे आणि मुले आपल्या आवडीने कामात रमत. मानाची नोकरी सोडून ताराबाई या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मराठी मातृभाषेच्या ताराबाई गुजरातीतही लिहू लागल्या. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला.

एवढ्यावरच त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील बालमंदिरे सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच उरली होती. महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. ही खंत मनात घेऊन वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच तेथे शिक्षणाचे साहित्य ठरले. मोजायला शिंपला आणि रंगीत मणी दोन्ही सारखेच उपयोगी पडतात, हे आज सहज पटते. पण तेव्हा ते करून दाखवावे लागले.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे होते. शाळा उघडली, पण मुले येईनात. ती आळशी होती म्हणून नव्हे; कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर कोणाला गुरे राखावी लागत. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही, शाळेची घडीच बदलली. भावंडांसाठी शाळेला लागूनच पाळणाघर काढले, तेव्हा थोरली बहीण मोकळ्या हातांनी वर्गात बसू शकली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडणाऱ्या या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. आणि जी मुले बालवाडीपर्यंत येत नसत, त्यांच्या पाड्यातच अंगण झाडून, मुलांचे हातपाय धुऊन, केस विंचरून गाणी-गोष्टी सुरू होत. ती अंगणवाडी. आपल्याच अंगणात बसलेल्या मुलाला परके वाटण्याचे कारण उरले नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मराठी अंगणातला हा शब्द आता देशभर, मराठी न जाणणाऱ्या मातांच्याही तोंडी आहे. कोसबाडच्या टेकडीवरील काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, चालू ठेवले.