फुलांचा अभ्यासक चिंतामणराव

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, हे मुलांना सांगतोच आपण. पण ते वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी होते, हे सांगता का?

जन्म १४ जानेवारी १८९६. १९१२ ला मॅट्रिकला पहिले. केंब्रिजला १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. पुढे आयसीएस, १९४३ ला गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबई केंद्रशासित करायचं ठरू लागलं, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. संस्कृतची गोडीही मोठी. मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ ला ते गेले.

आता त्यांची गोष्ट सांगून झाली की वर्गात जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. लिंबू पिळलं की पाणी लालभडक, खायचा सोडा टाकला की हिरवट! हा रंग अँथोसायनिनचा. तोच अँटिऑक्सिडंट म्हणून पेशींचं रक्षणही करतो. पोलादपूरच्या मुलांना पळसाची फुलं आणायला सांगा, केशरी रंग मिळेल.

फुलांत रमणारं मूल वेळ वाया घालवतंय, असं आता म्हणाल का?