शेक एक्सली

शेक एक्सली (१ एप्रिल, १९४९ : जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा, अमेरिका – ६ एप्रिल, १९९४ : झाकाटोन, तामौलिपास, मेक्सिको) हे अमेरिकन गुहा-पाणबुडे, लेखक आणि गणिताचे शिक्षक होते. पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये सुरक्षितपणे जाऊन परत येण्याचे जे मूलभूत नियम आज शिकवले जातात, त्यांची मांडणी करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

जीवन

एक्सली यांनी १९६५मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी पाणबुडेगिरीस सुरुवात केली. उत्तर फ्लोरिडातील चुनखडीच्या प्रदेशात स्वच्छ पाण्याचे असंख्य झरे असून त्यांच्या मुखांतून लांबच लांब जलगुहा सुरू होतात. एक्सली यांचे बहुतेक कार्य याच प्रदेशात झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी गुहांमधील एक हजार बुड्यांचा टप्पा ओलांडला. असे करणारे ते जगातील पहिले पाणबुडे होत. पुढे ही संख्या चार हजारांवर गेली. उपजीविकेसाठी ते लाइव्ह ओक येथील सुवानी हायस्कूलमध्ये गणित शिकवत असत.

अपघातांचा अभ्यास

१९६०च्या व १९७०च्या दशकांत फ्लोरिडातील गुहांमध्ये अनेक पाणबुड्यांचा मृत्यू झाला. त्यांत खुल्या समुद्राचा चांगला अनुभव असलेलेही होते. गुहेत संकट आल्यास सरळ पृष्ठभागावर येता येत नाही. आल्या वाटेनेच परतावे लागते. तळाचा गाळ ढवळला गेला की प्रखर दिव्याचाही उपयोग होत नाही. एक्सली यांनी मृतदेह बाहेर काढण्याच्या मोहिमांत भाग घेतला आणि प्रत्येक अपघाताची कारणे तपासली.

या अभ्यासातून 'बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल' हे छोटेखानी पुस्तक १९७९मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक मृत्यूंमागे तीनच प्रमुख चुका असतात, असे त्यांनी दाखवले: गुहेच्या मुखापर्यंत अखंड मार्गदोर नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि साधी हवा वापरून फार खोल जाणे. साध्या हवेसाठी त्यांनी १३० फूट (सुमारे ४० मीटर) ही मर्यादा सुचवली.

हवेबाबतचा नियम 'एक तृतीयांशाचा नियम' म्हणून ओळखला जातो. एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली राखीव. सर्वांत दूरच्या ठिकाणी जोडीदाराची हवा पूर्ण संपली, तरी त्या राखीव भागावर तोही बाहेर येऊ शकतो.

उपकरणांची मांडणी

जोडीदाराला हवा देता यावी म्हणून दुसरे मुखयंत्र बाळगण्याच्या पद्धतीचा एक्सली यांनी प्रसार केला. अरुंद बोगद्यातून दोघांना एकामागे एक पोहावे लागते. आखूड नळीने ते शक्य होत नाही. त्यासाठी सुमारे सात फूट लांब नळी वापरण्याचे श्रेयही सामान्यतः त्यांनाच दिले जाते.

फ्लोरिडातील याच वर्तुळात, त्यांचे सहकारी विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून 'होगार्थियन' म्हटली जाणारी अल्पतम उपकरणांची मांडणी विकसित झाली. अनावश्यक वस्तू सोबत घ्यायची नाही आणि आवश्यक वस्तू शरीरालगत ठेवायची, हे तिचे तत्त्व होय. लोंबती नळी किंवा पट्टा मार्गदोरात अडकतो, गाळ उठवतो आणि पाण्याचा विरोध वाढवतो. या मांडणीत पाणबुडा लांब नळीचे मुखयंत्र स्वतःच्या तोंडात ठेवतो व गरज पडल्यास तेच जोडीदाराला देतो. दुसरे मुखयंत्र रबरी दोरीने गळ्यालगत अडकवलेले असते. दिवा व मुखयंत्र यांसारख्या ज्या वस्तूंवर जीव अवलंबून असतो, त्यांना मात्र पर्याय ठेवलाच जातो.

खोल बुड्या

१९७१मध्ये बहामा बेटांजवळ साध्या हवेवर खोलीचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात दोघांचा मृत्यू झाला. त्या वेळी एक्सली सुरक्षा-पाणबुडे होते. खाली जाणाऱ्यांच्या मागे ते बरेच खोल गेले, परंतु नायट्रोजनमुळे येणारी गुंगी असह्य झाल्याने त्यांना परतावे लागले.

पुढील काळात खोल बुड्यांसाठी त्यांनी हेलियमयुक्त मिश्रणे वापरली. मेक्सिकोतील नासिमिएंतो देल रिओ मांते या झऱ्यात १९८८मध्ये ते सुमारे २३८ मीटर आणि १९८९मध्ये सुमारे २६५ मीटर खोल गेले. अशा बुडीत तळ गाठण्यास काही मिनिटे लागत. डीकॉम्प्रेशनचे थांबे घेत वर येण्यास मात्र दहा तासांहून अधिक काळ लागे. १९९३मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट येथे २६३ मीटरवर गेले असता, हेलियमचे मिश्रण घेऊन वेगाने खोल गेल्यास मज्जासंस्थेवर होणाऱ्या दुष्परिणामांचा त्यांना तीव्र अनुभव आला.

मृत्यू

६ एप्रिल १९९४ रोजी एक्सली आणि जिम बोडेन यांनी झाकाटोन या ३०० मीटरहून अधिक खोल जलविवरात स्वतंत्र दोरांवरून बुडी घेतली. एक हजार फुटांची खोली गाठणे हा त्यांचा उद्देश होता. अपेक्षेपेक्षा अधिक वायू खर्च झाल्याचे लक्षात येताच बोडेन सुमारे २८१ मीटरवरून परत फिरले व वाचले. एक्सली वर आले नाहीत. तीन दिवसांनी दोर वर ओढताना त्यांचा मृतदेह त्याला गुंडाळलेला आढळला. मृत्यूचे नेमके कारण निश्चित झाले नाही. मृत्युसमयी ते ४५ वर्षांचे होते.

वारसा

'कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन' हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक १९९४मध्येच प्रकाशित झाले. खोलीचे त्यांचे विक्रम नंतर मोडले गेले. त्यांच्या तीन नियमांत पुढे योग्य प्रशिक्षण आणि किमान तीन दिवे या दोन नियमांची भर पडली, आणि हे पाच नियम आजही गुहा-पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाचा पाया मानले जातात.