नॅन्सी कल्प

नॅन्सी जेन कल्प (२८ ऑगस्ट १९२१ – ३ फेब्रुवारी १९९१) या अमेरिकन चरित्र अभिनेत्री होत्या. 'द बेव्हर्ली हिलबिलीज' (१९६२–१९७१) या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतील जेन हॅथवे या भूमिकेमुळे त्या घराघरांत पोहोचल्या.

सुरुवातीचे जीवन

कल्प यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे झाला. १९४३ मध्ये त्यांनी फ्लोरिडातील महिला महाविद्यालयातून पत्रकारितेची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलाच्या महिला राखीव दलात अधिकारी होत्या.

कारकीर्द

हॉलिवूडमध्ये त्या प्रसिद्धी विभागात काम करण्यासाठी आल्या होत्या. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर यांनी त्यांना अभिनयाकडे वळवले. १९५१ मध्ये क्युकर यांच्याच 'द मॉडेल अँड द मॅरेज ब्रोकर' या चित्रपटातून त्यांनी पदार्पण केले. 'शेन' व 'सॅब्रिना' या चित्रपटांत त्यांच्या छोट्या भूमिका आहेत. 'द बॉब कमिंग्ज शो'मध्ये त्यांनी पक्षीनिरीक्षक पामेला लिव्हिंगस्टन साकारली. 'हिलबिलीज'मध्ये तेल सापडून अचानक श्रीमंत झालेल्या डोंगराळ भागातील कुटुंबाची कथा होती. या कुटुंबाचा पैसा सांभाळणाऱ्या बँकरची सुशिक्षित, काटेकोर सचिव म्हणजे हॅथवे. या भूमिकेसाठी १९६७ मध्ये त्यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

राजकारण व उत्तरायुष्य

१९८४ मध्ये कल्प यांनी पेनसिल्व्हेनियातून अमेरिकी प्रतिनिधिगृहाची निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षातर्फे लढवली. मालिकेतील कुटुंबप्रमुखाची भूमिका करणारे बडी एब्सन यांनी रेडिओवरील जाहिरातीतून त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बड शूस्टर यांना पाठिंबा दिला आणि कल्प यांचे विचार अतिउदारमतवादी असल्याचे सांगितले. या निवडणुकीत त्यांना सुमारे एक तृतीयांश मते मिळून त्या पराभूत झाल्या. पुढे त्यांनी त्याच राज्यातील जुनियाटा महाविद्यालयात अध्यापन केले. कॅलिफोर्नियातील पाम डेझर्ट येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.