गोंगाटाचा वैरी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डॉल्बी हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू मंडळींनी बांधलेल्या फार्महाऊसमध्ये, होम थिएटरच्या काळ्या पेटीवर, तो इवल्याशा अक्षरांत छापलेला असतो. आणि गावात वरात निघाली किंवा गणपती विसर्जनाला चालले, की टेम्पोवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला, छाती हादरवणाऱ्या त्या दणदणाटाला, सारा गाव डॉल्बी म्हणूनच ओळखतो. पहिल्या ठिकाणचे नाव खरे, दुसरे उसने. मिरवणुकीतल्या त्या भिंतींचा डॉल्बी कंपनीच्या तंत्राशी काडीचाही संबंध नाही. उलट ज्या माणसाचे हे आडनाव, त्याने आपले बहुतेक आयुष्य नको असलेला आवाज घालवण्यात खर्ची घातले. उभ्या महाराष्ट्रात आज ते आडनाव गोंगाटाला पर्यायी शब्द म्हणून वापरले जाते, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

रे मिल्टन डॉल्बी यांचा जन्म १८ जानेवारी १९३३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. शाळकरी वयात एका व्याख्यानासाठी प्रोजेक्टर चालवण्याचे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले. व्याख्याते होते अलेक्झांडर पोन्याटॉफ, टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या अ‍ॅम्पेक्स कंपनीचे संस्थापक. त्या ओळखीतून डॉल्बी विद्यार्थिदशेतच अ‍ॅम्पेक्समध्ये काम करू लागले आणि १९५६ साली जगापुढे आलेल्या कंपनीच्या पहिल्या व्हिडिओ टेपरेकॉर्डरच्या उभारणीत त्यांचा मोलाचा वाटा राहिला. तेव्हा त्यांची पदवीही हाती आलेली नव्हती. ती १९५७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून मिळाली. पुढे शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि क्ष-किरणांवरील संशोधनासाठी १९६१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यानंतरचे वळण आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे डॉल्बी भारतात होते. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत त्यांची तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती. फावल्या वेळात ते भारतीय संगीताचे ध्वनिमुद्रण करीत. आपल्या संगीतात तंबोऱ्याची आस मंदपणे विरत जाते, आलापात दोन स्वरांमधली शांतताही बोलते. नेमक्या त्याच जागी चुंबकीय फितीची अंगभूत सळसळ ऐकू येते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते. हळुवार जागी उघडी पडते. ती घालवायची कशी, या विचाराने याच काळात त्यांच्या मनात मूळ धरले.

उत्तर दिसायला साधे होते. मुद्रण करताना फक्त हळू आवाज उचलून मोठे करायचे, मोठ्यांना हात लावायचा नाही. ऐकवताना नेमके उलटे करायचे, म्हणजे उचललेले आवाज पुन्हा मूळ पातळीवर आणायचे. त्यांच्यासोबत मधल्या काळात मिसळलेली फितीची सळसळही दाबली जाते. पहिल्या टप्प्यात जे केले ते दुसऱ्यात तंतोतंत उलगडणे, हे या तंत्राचे मर्म. मे १९६५ मध्ये लंडनला परतून त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज स्थापन केली. व्यावसायिक स्टुडिओंसाठीच्या ए पद्धतीत आवाजाचे चार पट्टे पाडून प्रत्येकावर स्वतंत्र प्रक्रिया होत असे. १९६८ साली घरगुती वापरासाठी सुटसुटीत बी पद्धत आली आणि तिने कॅसेटला संगीत ऐकण्यायोग्य बनवले. कॅसेट डेकवरचे डॉल्बीचे बटण पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. अशी कॅसेट ते बटण बंद ठेवून वाजवली, तर वरचे स्वर अधिक चमकदार लागत आणि पुष्कळांना तेच आवडे. उलगडण्याची पायरी गाळण्याची ही आवड तेव्हापासूनची आहे. डॉल्बींनी स्वतः कॅसेट डेकचा कारखाना मात्र काढला नाही. तंत्र परवान्याने द्यायचे आणि प्रत्येक यंत्रामागे ठरलेली रक्कम घ्यायची, हे त्यांचे धोरण अखेरपर्यंत फळले.

चित्रपटाच्या कडेला आवाजाची जी पट्टी असते, तिच्यातली खरखर अशीच हटवता आली, तर त्याच जागेत एकाऐवजी दोन पट्ट्या बसतात. १९७५ साली आलेल्या डॉल्बी स्टिरिओचा पाया हाच. त्या दोन पट्ट्यांत चार आवाज गुंफले जात: डावा, उजवा, मधला आणि प्रेक्षकांभोवतीचा. जे दोन्ही पट्ट्यांत सारखे उमटते, ते मधल्या स्पीकरला. जे एकीत वर जाताना दुसरीत खाली जाते, ते भोवतालच्या स्पीकरांना. चित्रगृहातला डीकोडर ही गुंफण सोडवी. ज्या चित्रगृहाकडे डीकोडर नसे, तिथेही तीच प्रिंट एका स्पीकरवर चालत असे. सत्तर एमएमच्या चुंबकीय पट्ट्या उत्तम पण खर्चिक होत्या. ही पद्धत स्वस्त होती, म्हणून टिकली. १९७७ च्या स्टार वॉर्सने तिचा जगभर बोलबाला केला. हिंदीत डॉल्बी स्टिरिओ १९९४ साली विधू विनोद चोप्रांच्या १९४२: अ लव्ह स्टोरीने आणला.

घरात मात्र हेच गणित वेगळे वागते. १९८२ साली आलेल्या पहिल्या घरगुती डॉल्बी सराऊंड डीकोडरांना मधला स्पीकरच नव्हता आणि शेजारच्या वाहिन्या एकमेकींत पाझरत. चित्रगृहात भिंतीवर स्पीकरांची रांग असते, दिवाणखान्यात जेमतेम एक जोडी. म्हणून मागचा आवाज काही सहस्रांश सेकंद उशिरा सोडत, जेणेकरून समोरचा संवाद समोरूनच येतो असे कानाला वाटावे. १९८७ च्या प्रो लॉजिकने मधला स्पीकर घरात आणला आणि त्या क्षणी कुठला आवाज प्रबळ आहे हे ओळखून त्याला योग्य दिशा देण्याची सोय केली.

पुढे अंकीय युग आले. १९९२ सालच्या बॅटमॅन रिटर्न्सबरोबर अवतरलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये वाहिन्यांची गुंफण उरली नाही, प्रत्येक आवाज स्वतंत्र झाला. हे काम मुख्यतः कंपनीतील पुढच्या पिढीच्या अभियंत्यांचे. ही माहिती फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या चिमुकल्या जागेत छापली जाई. १९९३ साली ज्युरासिक पार्कसोबत प्रतिस्पर्धी डीटीएस आले. त्यात फिल्मवर केवळ वेळेची खूण असे आणि आवाज वेगळ्या तबकड्यांवरून येई. जागा मुबलक असल्याने डीटीएसला आवाज कमी आवळावा लागे. डीव्हीडीवर डॉल्बीची मर्यादा सेकंदाला ४४८ किलोबिट, तर डीटीएसची १,५०९ पर्यंत. या आकड्यांवरून शौकिनांचे अनेक वाद झडले, पण दोन्हींची आवळण्याची रीत निराळी असल्याने निव्वळ आकडा निकाल देत नाही. शिवाय चित्रगृहात अंकीय माहिती कुठे पुसट झाली, की दोन्ही पद्धती त्या जुन्या दोन पट्ट्यांचाच आसरा घेत.

आवाज किती मोठा असावा, याचेही डॉल्बी कंपनीने माप घालून दिले. चित्रगृहातील यंत्राची कळ ७ वर ठेवली, की पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर चाचणीच्या ध्वनीवर ८५ डेसिबल देईल अशी जुळणी करायची, म्हणजे मिश्रण करणाऱ्याने जे ऐकले तेच प्रेक्षकाला ऐकू येते. ही पातळी बंद सभागृहातली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आपल्या निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या भिंतींना ना हे माप ठाऊक, ना ते.

डॉल्बी १९७६ साली कंपनीसह सॅन फ्रान्सिस्कोला परतले होते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांच्या तंत्राचा गौरव केला, २००५ साली कंपनी शेअर बाजारात आली आणि २०१२ साली ऑस्कर सोहळ्याच्या नाट्यगृहाला डॉल्बींचे नाव मिळाले. अखेरची काही वर्षे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली होती. २०१३ च्या उन्हाळ्यात रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. १२ सप्टेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील राहत्या घरी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याला आता एक तप उलटून गेले. महाराष्ट्रात त्या दिवशी गणपती बसून चौथा दिवस होता.