शाळा सुटल्यानंतरची मुले : श्रीमती मेरी वॉर्ड यांचे कार्य

मेरी वॉर्ड हे नाव ऐकताच आमच्या अनेक वाचकांना लोरेटो धर्मभगिनींच्या परंपरेचा पाया घालणाऱ्या, सतराव्या शतकातील पूजनीय मेरी वॉर्ड आठवतील. आज आम्ही लिहीत आहोत ते त्याच नावाच्या दुसऱ्या एका इंग्रज स्त्रीविषयी. त्या कॅथलिक नव्हत्या. परंतु कॅथलिक श्रद्धेची सावली त्यांच्या बालपणावर पडलेली होती.

मेरी ऑगस्टा अर्नल्ड यांचा जन्म ११ जून १८५१ रोजी टास्मानिया बेटावरील होबार्ट येथे झाला. रग्बी शाळेचे विख्यात मुख्याध्यापक डॉ. थॉमस अर्नल्ड हे त्यांचे आजोबा, तर कवी मॅथ्यू अर्नल्ड हे काका. वडील टॉम अर्नल्ड होबार्टला शाळा तपासनीस होते. १८५६ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्याच वर्षी कुटुंब इंग्लंडला आले. पुढे डब्लिन येथे संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या कॅथलिक विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. पत्नीला मात्र हे धर्मांतर कधीच मानवले नाही. मुलगे कॅथलिक आणि मुली प्रॉटेस्टंट अशी घराचीच वाटणी झाली. थोरली मेरी बालपणाची कित्येक वर्षे आईवडिलांपासून दूर, निवासी शाळांत वाढली. धर्माच्या प्रश्नावर वडीलधाऱ्यांचे बिनसले की त्याची झळ लेकरांना कशी पोहोचते, हे आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये.

सोळाव्या वर्षी त्या ऑक्सफर्डला घरी परतल्या. विद्यापीठाचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना बंद होते. त्यांनी ग्रंथालयात बसून स्वतःच अभ्यास केला आणि स्पेनच्या प्रारंभीच्या ख्रिस्ती इतिहासावर अधिकार मिळवला. १८७२ मध्ये हम्फ्री वॉर्ड यांच्याशी विवाह झाला. १८८८ साली ‘रॉबर्ट एल्समेअर’ या कादंबरीने त्या कीर्तीच्या शिखरावर पोहोचल्या. चमत्कारांवरील विश्वास गमावलेल्या एका अँग्लिकन पाळकाची ती कथा. तिच्यातील धर्मविचार आम्हाला मान्य होण्यासारखा नाही. पण तो पाळक पुढे लंडनच्या गरीब वस्तीत कामाला लागतो, आणि लेखिकेनेही त्याचीच वाट धरली.

पॅसमोर एडवर्ड्स या दानशूर गृहस्थांच्या देणगीतून १८९७ साली लंडनमधील टॅव्हिस्टॉक प्लेस येथे त्यांचे सेवाकेंद्र उभे राहिले. आसपासच्या गल्ल्यांत एकेका खोलीत आख्खे कुटुंब राही. आईबाप कामावर. शाळा सुटली की मुलांना जाण्यासारखी जागा एकच, रस्ता. केंद्रात मुलांसाठी खेळ सुरू होताच त्यांची रीघ लागली. १८९९ मध्ये तेथे अपंग मुलांसाठी दिवसाची शाळा निघाली. जागा केंद्राची, शिक्षिका लंडन स्कूल बोर्डाची. धर्मादाय संस्था आणि सार्वजनिक निधी यांची सांगड घालता येते, हा धडा बाईंनी येथे घेतला असावा.

एका इमारतीत किती मुले मावणार? संध्याकाळी कुलूप लागून रिकाम्या पडणाऱ्या सरकारी शाळा त्यांना दिसत होत्या. १९०५ साली अशा आठ शाळांमध्ये त्यांनी सायंकालीन क्रीडाकेंद्रे उघडली. तेथे चित्रकला, सुतारकाम, शिवणकाम, गाणी, नाच, कवायत असे. लहानग्यांना परीकथा सांगत, आणि एखाद्या कोपऱ्यात पुस्तके घेऊन शांत बसण्याचीही सोय असे. श्रीमंतांच्या घरी मुलांना हे सारे न मागता मिळते. गरिबांच्या लेकरांनाही ते मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे. मात्र पगाराचा खर्च देणग्यांवर चाले आणि देणग्यांसाठी त्यांना सतत पत्रे लिहावी लागत.

दातृत्वावर मुलांची संध्याकाळ अवलंबून राहू नये, यासाठी त्या संसदेपर्यंत गेल्या. १९०७ च्या शिक्षण कायद्याने क्रीडाकेंद्रे व सुटीतील शाळा यांवर खर्च करण्याचा अधिकार स्थानिक शिक्षण संस्थांना दिला. यात त्यांच्या प्रयत्नांचा वाटा मोठा होता. पण अधिकार म्हणजे सक्ती नव्हे. तिजोरीची दोरी सैल व्हायला महायुद्ध यावे लागले. वडील आघाडीवर, आई दारूगोळ्याच्या कारखान्यात, रस्ते अंधारलेले. मुलांचे गुन्हे वाढू लागले तेव्हा सरकारला जाग आली. जानेवारी १९१७ मध्ये शिक्षण मंडळाने या केंद्रांच्या मान्य खर्चाचा निम्मा भार उचलण्याचे जाहीर केले. मुले रडत होती तोवर कोणी ऐकले नाही, काचा फुटू लागल्यावर ऐकले, असे आम्हाला म्हणावेसे वाटते.

या बाईंचे एक कोडे आम्हाला उलगडत नाही. मंत्र्यांना भेटून कायदा घडवून आणणारी ही स्त्री १९०८ साली स्त्रियांच्या संसदीय मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेच्या अग्रभागी होती. त्यामुळे जुन्या मैत्रिणी दुरावल्या आणि त्यांचे नावही बरेचसे झाकोळले.

२४ मार्च १९२० रोजी त्यांना देवाज्ञा झाली. कन्या जॅनेट ट्रेव्हेल्यन यांनी क्रीडाकेंद्रांचे काम पुढे चालवले. त्या सेवाकेंद्रापासून जवळच पूर्वीच्या अनाथालयाची जमीन बांधकामासाठी विकली जात होती. तेथे मुलांसाठी मैदान राहावे म्हणून जॅनेटबाईंनी लढा दिला आणि १९३६ साली ‘कोरम्स फील्ड्स’ खुले झाले. सोबत मूल असल्याशिवाय प्रौढ व्यक्तीला तेथे आजही आत सोडत नाहीत.